मलिद्याची नोंद

मरीन परेड, सिंगापूर
१० जून २००७

ती. नेसिमकाका,
सप्रेम जयभीम.

आधी ताजी बातमी, मग ती कुणी दिली ते. नव्या उपसंपादकाला तुम्ही पहिल्या दिवशी एवढंच शिकवायचात, असं बाबा सांगायचे. तर बातमी अशी : एका बंदरातलं पासष्ट वर्षं कुलूपबंद असलेलं प्रार्थनाघर तिथल्या मूठभर ज्यूंना परत मिळायचं जवळजवळ ठरलं होतं, ते गेल्या गुरुवारी अडलं. सांगितलं हालवर्सन यांनी. ते इथल्या एका युरोपीय वकिलातीत आहेत. त्यांची मुलगी आणि माझी आर्या एका वर्गात. आणि अडलं ते मी केलेल्या भाषांतरामुळे.

देशाचं नाव कागदावर आणायचं नाही अशी हालवर्सन यांची अट आहे, म्हणून नुसतं 'बंदर' म्हणते. हालवर्सन मध्यस्थी करतात, आणि बंदराचं सरकार व तिथले ज्यू अशा दोन्ही बाजूंची माणसं सिंगापुरात भेटतात, कारण इथे कुणी कुणाकडे बघत नाही. बंदराच्या सरकारचं म्हणणं, आम्ही कुणाच्या प्रार्थनेला आडकाठी करत नाही, फक्त ते घर कुणाचं होतं एवढं दाखवा. आता तिथे चौदा ज्यू उरलेत. पुरावा म्हणाल तर एकच नोंदवही, १९३४ ते १९४१ची. त्र्याऐंशी वर्षांच्या रिबकाबाईंनी ती पिठाच्या डब्यात जपून ठेवली होती. आणि ती निघाली मराठीत! हालवर्सन मराठी वाचणारं, पण बंदराशी संबंध नसलेलं माणूस शोधत होते. शाळेच्या क्रीडादिनी मी म्हटलं, त्यात काय, मी वाचते.

अकरा पानं केली. एका पानावर होतं : "नवस फेडला. मलिदा केला. पोहे चार शेर, नारळ नऊ, फळे पाच. एलियाहू नबीचे नाव घेतले." मी खाली टीप दिली, की मलिदा कोकणात दर्ग्यावर चढवतात. खोटं नाही लिहिलं. महाडजवळच्या दर्ग्यात आजीबरोबर मी तो खाल्लाय, आणि तुमच्या छापखान्यामागच्या दर्ग्यातला मलिदा बाबा कागदात बांधून घरी आणायचे. बंदराच्या अधिकाऱ्याने टीप वाचली आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मग हे घर मुसलमानांचं दिसतं. विषय दुसऱ्या खात्याचा आहे."

हालवर्सन रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

माझ्या ओळखीत ज्यू म्हणजे तुम्ही एकटे. माझं नेमकं काय चुकलं?

सुलेखा कासारे
(रावसाहेबांची धाकटी)


ठाणे
१९ जून २००७

चि. सुलेखा,
अनेक आशीर्वाद.

बातमी : तू चुकली आहेस. दुजोरा : अस्मादिक, वय अठ्ठ्याहत्तर, मलिदा खाण्याचा अनुभव पंचाहत्तर वर्षे.

छापखान्यामागे दर्गा होता खरा, पण रावसाहेब तुमच्यासाठी पुडी बांधून न्यायचे ती माझ्या घरून. आमच्याकडे लग्न असो, नवं घर असो, कुणी दुखण्यातून उठलेलं असो, मलिदा व्हायचाच. माझी बायको फ्लोरा पहिली पुडी तुमच्या बाबांसाठी बाजूला काढायची. म्हणजे लहानपणी तू पुरावाच खात होतीस, आणि मोठी झाल्यावर त्याच पुराव्यावर उलटी टीप लिहिलीस. रावसाहेबांनी कधी सांगितलं नसेल. प्रुफं वाचणारा माणूस, विचारल्याशिवाय खुलासा करायचा नाही.

आम्ही बेने इस्राएल. कोकणात शतकानुशतकं तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने नाव दिलं शनिवार तेली. एलियाहू हा आमचा संदेष्टा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं नव्हे) खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं आमचे लोक मानतात. त्याच्या नावाने पोहे, खोबरं, साखर, वेलची कालवायची, वर फळं मांडायची, एकेका फळावर आशीर्वाद म्हणायचा आणि मग सगळ्यांनी खायचं. हा आमचा मलिदा. जगातले बाकीचे ज्यू तो करत नाहीत, त्यांना तो माहीतही नाही.

दर्ग्यातला मलिदा पोळी कुस्करून करतात, तूपगूळ घालून. तू स्वतः 'पोहे चार शेर' लिहिलंस आणि पुढे गेलीस. माझ्या टेबलावर असतीस तर मी कॉपी परत पाठवली असती : दर्ग्यात पोहे? विचारा.

आता तीन गोष्टी कर. सगळ्या वहीची प्रत पाठव, जमेल तितकी ठळक. लिहिणाऱ्याचं नाव कुठे आहे का बघ. आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते कळव.

नेसिम मो. झिराडकर


मरीन परेड
१ जुलै २००७

ती. नेसिमकाका,
जयभीम.

ताजी बातमी : नुसतं पोह्यांवर भागणार नाही. दुजोरा, हालवर्सन.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. खूप हसले, आणि मग म्हणाले, एकदा दिलेला कागद बोलण्यांत मागे घेता येत नाही. फार तर पुरवणी जोडता येते. ती मी सहीनिशी द्यायची, 'माझी टीप चुकीची होती' असं लिहून. पण त्यात टेकू काय द्यायचा? ठाण्याच्या एका गृहस्थांचं पत्र बंदरवाले मानणार नाहीत. इथल्या कुणा ज्यूने 'होय, ही आमची रीत' असं म्हणायला हवं.

म्हणून रविवारी वॉटरलू स्ट्रीटवरच्या सिनेगॉगमध्ये गेले. रस्ता मजेदार आहे. शेजारी कृष्णाचं देऊळ, त्यापलीकडे चिनी देवीचं, तिथे उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरतात. आणि सिनेगॉगच्या दारात पोलीस बॅग तपासतो. विश्वस्त मि. मेनाशे भेटले. मूळचे बगदादकडचे, जन्म इथला, शर्टाला इस्त्री कडक. त्यांना पोह्यांचं सांगितलं.

"पोहे? देवाच्या नावाने? माझ्या आईने तुम्हाला झाडूने हाकललं असतं!"

"पण ठाण्याचे ज्यू करतात."

"ठाण्याचे करत असतील. मी सही कशावर करू? मी पाहिलंच नाही ते."

माणूस प्रामाणिक आहे, म्हणूनच पंचाईत. सगळ्या ज्यूंना ओळखता येईल असं काहीतरी वहीत सापडायला हवं.

वहीची बासष्ट पानं सोबत आहेत. लिहिणारा मोशे अब्राहम, बंदरातल्या एका आगबोट कंपनीत कारकून. सही तेवढीच, आडनाव नाही. शेवटची नोंद १८ डिसेंबर १९४१ : "रिबकाच्या वडिलांनी किल्ली माझ्याकडे दिली." मी गाळलेली पानंही बघा. त्यात विशेष काही नाही. वर्षातून एकदा "आज दारे लावली" एवढंच. आठ वर्षांत आठ वेळा. मला वाटलं रंगकाम वगैरे असेल. उलट बंदराचा अधिकारी हे हालवर्सन यांच्याकडून ऐकून खूश झाला. म्हणाला, घर तेव्हाही बंदच असायचं म्हणा की!

माझा नवरा, यशोधन, म्हणतो, सही करू नकोस. आपला नागरिकत्वाचा अर्ज आत आहे, परक्या सरकारांच्या कागदांवर आपलं नाव कशाला? त्याचं चूक आहे असंही नाही.

सुलेखा


ठाणे
११ जुलै २००७

चि. सुलेखा,
आशीर्वाद.

बातमी तुझ्या हातात होती आणि तू ती रंगकाम म्हणून गाळलीस! आठ वेळा 'दारे लावली'. अगं, तो आमचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस.

आम्ही त्याला दरफाळणीचा सण म्हणतो. बाकीचे ज्यू योम किपूर म्हणतात. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जेवायचं, पांढरे कपडे घालायचे आणि दारं लावायची; आमचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो, म्हणून नोंदीत तारीख पुढची. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, दिवसभर प्रार्थना. आमच्या झिराडला त्या दिवशी शेजारीपाजारीही हाक मारत नसत. त्यांना ठाऊक असायचं, शनिवार तेल्यांची दारं लागलीत. म्हणजे घर बंद होतं म्हणून दारं लावलेली नाहीत. आत माणसं होती म्हणून लावली.

ही रीत आमची, पण दिवस सगळ्या ज्यूंचा. तू इंजिनिअर आहेस, तक्ता कर. आठही तारखा काढ आणि मि. मेनाशेंकडे ने. पोह्यांबद्दल बोलू नकोस. फक्त विचार, या तारखांना तुमच्या पंचांगात काय होतं? उत्तर त्यांच्या तोंडून येऊ दे. बातमीदाराने साक्षीदाराला उत्तर शिकवायचं नसतं.

सहीबद्दल मी काही सांगणार नाही. घर तुझं, अर्ज तुझा. चूक छापली तर दुरुस्ती त्याच पानावर छापायची, एवढा एकच नियम मी चाळीस वर्षं पाळला. पण तेव्हा माझा कुठे अर्ज आत नव्हता.

प्रती ठळक आल्यात. अक्षर चांगलं आहे, मोडीत हात बसलेल्या माणसाचं. रिबकाबाईंपर्यंत निरोप जात असेल तर एक विचारून घे. या मोशे अब्राहमचं पुढे काय झालं? निव्वळ कुतूहल.

नेसिम मो. झिराडकर


मरीन परेड
२९ जुलै २००७

ती. नेसिमकाका,
जयभीम!

बातमी : आठपैकी आठ. दुजोरा, मि. मेनाशे, लेखी.

तक्ता घेऊन गेले. त्यांनी चष्मा चढवला आणि कपाटातून जुनी जाडजूड पंचांगं काढली. मी नुसत्या तारखा वाचत गेले.

"१९ सप्टेंबर १९३४."

पानं उलटली. "हं. योगायोग."

"७ ऑक्टोबर १९३५."

"हं."

"२६ सप्टेंबर १९३६. १५ सप्टेंबर १९३७."

त्यांनी पंचांग मिटलं. "थांबा. या यादीत पुढची ५ ऑक्टोबर आहे का?"

"आहे."

"त्या दिवशी या लोकांनी काय केलं म्हणता?"

"दारं लावली."

मग म्हणाले, "अडतीसचं योम किपूर, मला आठवतं ते पहिलं. माझ्या आईनेही लावली होती." आणि कागद पुढे ओढला. निघताना दारापर्यंत आले, हळूच विचारलं, "ते पोहे गोड असतात का?"

मीही सही केली. यशोधनला आधी सांगितलं. तो उठून ताटं मांडायला लागला. आर्या मात्र जेवता जेवता म्हणाली, "मम्मी, यू राँग, से राँग लाह. व्हाय सो ड्रामा?" तिच्या बापालाही हसू आलं. काका, बंद दारांची गोष्ट आमच्या घरात वेगळी. माझे आजोबा देवळाच्या बाहेर उभे राहिलेले. दार लावलं म्हटलं की कुणालातरी बाहेर ठेवलं, एवढंच मला ठाऊक. आत राहण्यासाठीही कुणी दार लावतं, हे डोक्यात आलंच नाही.

तुमच्या कुतूहलाचं उत्तरही आलंय. रिबकाबाईंनी हालवर्सन यांच्याकडे मराठीत चिठ्ठी दिली. तशीच उतरवते :

"मोशेभाऊंनी मला ही अक्षरं शिकवली. मलिदा तेच करत. आम्हा बाकीच्यांना येत नव्हता. लढाई आली तेव्हा निघा म्हटलं तर म्हणाले, किल्ली कुणाच्या हवाली करू? बेचाळीसच्या पावसाळ्यात तापाने गेले. पुरायला सातच पुरुष मिळाले. दहा लागतात. म्हणून त्यांचं कद्दीश कुणी म्हटलं नाही. मी रोज त्या बंद दाराला हात लावून घरी येते."

कद्दीश म्हणजे काय, तेही मि. मेनाशेंनी सांगितलं. मेलेल्यासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना, आणि ती दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाचं घरी कुणी होतं का, कोण जाणे.

बैठक १६ ऑगस्टला.

सुलेखा


मरीन परेड
२० ऑगस्ट २००७

ती. नेसिमकाका,

तीन आठवडे तुमचं पत्र नाही. फोन लावला, नुसता वाजतो. तब्येत ठीक आहे ना?

तरी बातमी आधी : घर ज्यूंचं होतं हे बंदराने मान्य केलं. हालवर्सन यांनी सोळा तारखेला संध्याकाळी तोआ पायोहला माझ्या ऑफिसखाली येऊन सांगितलं. हॉकर सेंटरमध्ये आम्ही उसाचा रस प्यायलो. त्यांना आनंद झालेला दिसत होता, पण पूर्ण नाही.

कारण अट आहे. २१ सप्टेंबरला, म्हणजे यंदाच्या दरफाळणीच्या आदल्या संध्याकाळी, किल्ली एका दिवसासाठी मिळेल. 'रीतसर सामुदायिक प्रार्थना' झाली तर घराची प्रार्थनास्थळ म्हणून नोंद होईल. नाही झाली तर किल्ली परत आणि फाइल बंद. रीतसर म्हणजे काय, तेही त्या अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय : दहा प्रौढ ज्यू पुरुष. हे त्याला कुठून कळलं? आमच्याच पुरवणीतून. मि. मेनाशेंनी सविस्तर टीप जोडली होती! तो अधिकारी स्वतः दारात उभा राहून मोजणार आहे. हालवर्सन म्हणतात, माणूस वाईट नाही. अभ्यासू आहे, आणि ते जास्त कठीण.

बंदरात पुरुष चार. इथून मि. मेनाशे आणि त्यांचे दोघे भाऊ. सात. वेगवेगळ्या वकिलातींतले दोघे ज्यू खाजगी रजा काढून येतील. नऊ.

बाकी कुणाला व्हिसा नाही, कुणाची हिंमत नाही, आणि त्या दिवशी ज्याला त्याला आपापल्या सिनेगॉगमध्ये असायचं असतं. हालवर्सन यांनी मला विचारलं, "तुमच्या ठाण्याच्या मित्राच्या ओळखीत कुणी?" मी म्हटलं, विचारते.

तर विचारते आहे. पण आधी तुम्ही बरे आहात एवढं कळवा.

सुलेखा


ठाणे
१ सप्टेंबर २००७

चि. सुलेखा,
आशीर्वाद.

ताजी बातमी : दहावा माणूस मिळाला. त्याचा व्हिसा काल झाल्याचं हालवर्सन यांनी मला फोनवर सांगितलं. तुला मी सांगेपर्यंत सांगू नका, अशी विनंती मी त्यांना केली होती. त्यांच्यावर रागावू नकोस.

तब्येत उत्तम आहे. पत्र लिहिलं नाही, कारण एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती आणि ती कशी लिहावी ते सुचत नव्हतं. माझी सही तू दोनदा पाहिलीस, नेसिम मो. झिराडकर. प्रुफं वाचणाऱ्याची मुलगी ना तू? मधलं अक्षर कुणी वाचत नाही हेच खरं.

मी पाच वर्षांचा होतो तेव्हा माझे वडील, मोशे अब्राहम झिराडकर, आगबोटीच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून गेले. पत्रं यायची. एकेचाळीसनंतर आली नाहीत. आई म्हणायची, तिकडे दुसरा संसार थाटला असेल. रागाने म्हणायची, पण मेले असतील यापेक्षा तिला ते बरं वाटायचं. मलाही हळूहळू तेच खरं वाटू लागलं. माणूस गेला कधी ते कळलं नाही, गेला की नाही तेही नाही. कद्दीश कशाचं म्हणणार? मग मी सिनेगॉगमध्ये जाणंच कमी केलं. फ्लोरा गेल्यावर बंद.

तुझी पहिली प्रत उघडली आणि अक्षर ओळखलं. त्या पत्रांवरच मी वाचायला शिकलो. तेव्हाच तुला लिहायला हवं होतं, पण लिहिलं नाही. मलिद्याचा, दारांचा खुलासा ज्याच्याकडून येतोय तो त्या माणसाचा मुलगा आहे असं तुला कळलं असतं, तर तू ते हालवर्सनना सांगितलं असतंस. तुला लपवता येत नाही. आणि मग बंदरवाले म्हणाले असते, घरचाच साक्षीदार. म्हणून तारखा तुझ्याकडून आणि मि. मेनाशेंकडून वदवून घेतल्या. बैठक सोळाला संपली, त्यानंतर मी मोकळा होतो, पण हात चालेना. 'पुरायला सातच पुरुष मिळाले' हे वाक्य तू कुतूहल म्हणून कळवलंस आणि मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

दुसरा संसार नव्हता. किल्ली कुणाच्या हवाली करायची हा प्रश्न होता. आईला हे कळायला हवं होतं.

मुलीकडे इस्रायलला, अश्दोदला जाण्यासाठी काढलेला पासपोर्ट अजून चालू आहे. मुलगी म्हणाली, पप्पा, या वयात उपास आणि विमान? मी म्हटलं, उपास दरवर्षी चुकवत होतो, यंदा मोजणारा सरकारी अधिकारी आहे.

आता पुढचा कार्यक्रम. पंधराला इथे गणपती बसतील, ढोल सुरू होतील, त्याआधीच निघावं म्हणतो. चौदाला सकाळी सिंगापूर. तुझ्याकडे पाच दिवस. यशोधनना सांग, म्हातारा कोणत्याही कागदावर सही मागणार नाही. सेरंगून रोडच्या त्या मोठ्या दुकानात जाडे पोहे मिळतात का बघून ठेव. चार शेर हल्लीच्या मापात किती ते आर्याला काढायला सांग. नारळ नऊ. मलिदा उपास सुटल्यावर, तिथेच. मोशेभाऊंना कालवताना पाहिलेलं रिबकाबाईंना आठवत असेल, नाहीतर मला येतो. मि. मेनाशेंना गोड आहे म्हणून सांग.

एकोणीसला मि. मेनाशे, त्यांचे भाऊ आणि मी बंदराला निघू. एकवीसला, शुक्रवारी, सूर्य मावळायच्या आत किल्ली रिबकाबाईंच्या हाती देण्यात येईल अशी अपेक्षा आहे. कुलूप पासष्ट वर्षांचं आहे, ते फिरेल की तोडावं लागेल याला अद्याप कुणाचाही दुजोरा नाही. मग अधिकारी दारात उभा राहून मोजेल. त्याची मोजणी संपली की आम्ही दारं लावू.

नेसिम मोशे झिराडकर